मथळा फक्त कमाल भाव छापतो

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. संध्याकाळी पप्पांचा फोन आला. काहीतरी चांगलं घडलंय हे आवाजावरूनच कळत होतं. "ताई, उठली बघ निर्यातबंदी. मोबाइलवर आलंय." स्क्रीनशॉट आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडला होता. एका मराठी न्यूज पोर्टलचा मथळा: "मोठी बातमी! कांदा निर्यातबंदी अखेर उठवली, शेतकऱ्यांना मोठा दिलासा".

आमचं घर चांदवड तालुक्यात. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि तेव्हापासून भाव खाली खालीच चालला होता. सोमवारी बाजारात न्यायचा म्हणून तीस क्विंटल लाल कांदा ट्रॉलीत भरून ठेवलेला. पप्पांनी आणि गल्लीतल्या चारजणांनी मिळून ठरवलं की उद्या जायचं नाही. बंदी उठली म्हणजे व्यापारी जोरात खरेदीला उतरणार, मग दोन-तीन दिवस थांबलेलं बरं. विचार काही वेडेपणाचा नव्हता. सोमवारी लासलगावला भाव खरंच उसळला. शनिवारी १,२८० रुपये क्विंटल होता तो १,८०० वर गेला, म्हणजे एका बातमीवर चाळीस टक्क्यांची वाढ. पप्पा म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो. अजून दोन दिवस थांबू.

मंगळवारी ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला. निर्यातबंदी उठवलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती कायम आहे.

गुरुवारी पप्पांनी ट्रॉली नेली. भाव मिळाला १,२४०. शेजारच्या काकांकडे स्मार्टफोन नाही, ते ठरल्याप्रमाणे सोमवारीच गेले होते. त्यांना १,७०० मिळाले. क्विंटलमागे ४६० रुपयांचा फरक, तीस क्विंटलचे १३,८०० रुपये. आमच्या घराने एका मथळ्याची मोजलेली ही किंमत.

तुम्ही म्हणाल, बातमीच चुकली होती, मथळ्याचा काय दोष? मी ती बातमी उघडून पूर्ण वाचली. तिसऱ्या परिच्छेदात "सूत्रांच्या माहितीनुसार" होतं. चौथ्यात "मर्यादित निर्यातीला परवानगी मिळाल्याचे समजते" होतं. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाल्याशिवाय बंदी उठत नसते, आणि ती निघाल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. बातमी "समजते" म्हणत होती, मथळा "उठवली" म्हणत होता. या दोन क्रियापदांमध्ये आमचे १३,८०० रुपये गेले.

चार दिवसांनी मी तीच लिंक पुन्हा उघडली. तारीख तीच, मजकूर जवळपास तोच. मथळा मात्र बदललेला: "कांदा निर्यातबंदी उठणार?" शेवटी एक प्रश्नचिन्ह लावून त्यांनी हात झटकले होते. चूक झाली अशी एक ओळ नाही, दुरुस्ती केल्याची वेळ नाही. पप्पांकडचा स्क्रीनशॉट नसता तर मीच वेडी ठरले असते.

त्या दिवसापासून मी मथळे वेगळ्या नजरेने वाचते. माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडच्या मथळ्यांचा मुख्य रोग धडधडीत खोटेपणा हा नाही. खोटं पकडता येतं, त्याला खुलासा निघतो. आपल्या मथळ्यांचा रोग हा आहे की ते खऱ्या गोष्टीतलं टोक उचलतात आणि तेच सगळं आहे असं सांगतात. आणि त्या टोकाचा भुर्दंड मथळा लिहिणारा भरत नाही.

कमाल, किमान, सरासरी

कांद्याचा लिलाव कधी पाहिला नसेल तर थोडं सांगते. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर, पिकअप रांगेत उभे असतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, माल बघतात, बोली लागते, आणि त्या वाहनाचा भाव ठरतो. म्हणजे एका दिवसात जेवढी वाहनं तेवढे भाव. दिवस संपला की बाजार समिती तीन आकडे जाहीर करते: किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो. एकसारखा आकार, चकचकीत पत्ती, एकही डागी नग नाही, असा माल. किमान भाव गोल्टीला किंवा खराब मालाला. आणि बहुतेक शेतकरी घरी जाताना खिशात नेतात तो सरासरीच्या आसपासचा भाव.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी पुण्यात तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. सकाळी चहा पिताना एकीने फोन माझ्यापुढे धरला. "कांदा पाच हजारांवर! सर्वसामान्यांच्या डोळ्यांत पाणी". आणि हसून म्हणाली, "अगं, तुमची तर चांदी आहे की. पार्टी दे." तिला माहीत होतं की एप्रिलमध्ये आमच्या चाळीत १४० क्विंटल उन्हाळ कांदा साठवला होता, कारण तेव्हा मीच फोटो टाकला होता. तिने मनातल्या मनात गुणाकार केला. सात लाखांच्या वर.

ती कॉमर्सची आहे, गुणाकार बरोबर होता. फक्त त्यातले दोन्ही आकडे चुकीचे होते.

पहिला आकडा भावाचा. त्या दिवशी आमच्या तालुक्याच्या बाजारात किमान १,५००, कमाल ५,१०० आणि सरासरी ३,९०० असा भाव निघाला होता. मथळ्याने कमाल उचलला होता. दुसरा आकडा मालाचा. चाळीतला कांदा म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. पावसाळ्यात तो सडतो, त्याला कोंब येतात, वजन घटतं. १४० क्विंटलमधला तिसरा हिस्सा असाच गेला. बराचसा पप्पांनी जुलै-ऑगस्टमध्ये विकला, कारण सोसायटीचा हप्ता आणि माझ्या भावाची फी दोन्ही कमाल भावाची वाट बघत थांबत नाहीत. ऑक्टोबरअखेर चाळीत राहिला होता १८ क्विंटल, तोही काळपट पडलेला. त्याला भाव मिळाला २,८५०. हाती आले ५१,३०० रुपये, त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा.

इथे एक गोष्ट आहे जी कुठलाच मथळा सांगत नाही. कांद्याचा भाव गगनाला भिडतो तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कांदा नसतो. नसतो म्हणूनच भिडतो. "कांद्याला विक्रमी भाव" ही बातमी खरी असते, पण तो विक्रम ज्याच्या नावावर जमा झाल्यासारखा वाटतो त्याची चाळ तेव्हा रिकामी असते. माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात मात्र त्या सकाळी एक चित्र पक्कं झालं की कांदेवाले मजेत आहेत. ती वाईट नाही, तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

कोण रडतं ते कोण ठरवतं

आता कांद्याच्या मथळ्यांची भाषा बघा. कांदा कडाडला. कांदा भडकला. कांद्याने केला वांदा. कांदा रडवणार. कांद्याची शंभरी. यातल्या प्रत्येक वाक्यात कर्ता कांदा आहे. जणू तो स्वतःच्या मनाने, सूडबुद्धीने महाग होतो. ऑगस्ट कोरडा गेला म्हणून खरिपाच्या लागवडी लांबल्या, हे त्या वाक्यात मावत नाही. मार्चच्या गारपिटीने साठवणुकीचा कांदा आधीच खराब झाला होता, हेही मावत नाही.

आणि रडतं कोण? नेहमी "सर्वसामान्य". "सर्वसामान्य" या शब्दात शेतकरी कधीच धरलेला नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? "सर्वसामान्यांना दिलासा" म्हणजे कांदा स्वस्त झाला. माझे पप्पा सर्वसामान्य नाहीत की काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळा खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. ती बातमी देशभर गाजली, कारण तिच्यातही टोक होतं. पण त्याच काळात हजारो शेतकरी क्विंटलला चारशे-पाचशे रुपयांनी, म्हणजे उत्पादनखर्चाच्या निम्म्यात कांदा विकत होते. त्यांचं दुःख दोन रुपयांइतकं नाट्यमय नव्हतं, त्यामुळे त्यांचा मथळा झाला नाही.

ग्राहकाला त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्या जेवणात भाकरीबरोबर कांदाच असतो, त्याला किलोमागचे वीस रुपये लागतात. पण हे मथळे त्याच्यासाठी लिहिलेले नसतात. ते माझ्यासारख्या फ्लॅटमधल्या वाचकासाठी असतात. आमच्या घरात चौघींना मिळून महिन्याला पाचेक किलो कांदा लागतो. तीस रुपयांचा सत्तर झाला तर महिन्याला दोनशे रुपये जास्त, माणशी पन्नास. पुण्यात तेवढ्यात धड कोल्ड कॉफी येत नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून देशाची किरकोळ महागाई मोजली जात होती तेव्हा त्या निर्देशांकात कांद्याचा भार होता ०.६४ टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात चौसष्ट पैसे. जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी एका झटक्यात रिचार्जचे दर वाढवले तेव्हा आम्हा चौघींचा खर्च जवळपास कांद्याइतकाच वाढला, आणि तो पुन्हा खाली आला नाही. ते दर खाली आणायला कुठल्या खात्याने रातोरात अधिसूचना काढली नाही.

कांद्यासाठी मात्र निघते. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात सरळ बंदी. हे सगळं मथळ्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही टोकच उचललं. सरकारला निवडणुका दिसत होत्या, आणि १९९८ मध्ये दिल्लीत कांद्याच्या महागाईचा मुद्दा तापला असताना भाजपची सत्ता गेली होती, हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. पण एक प्रश्न विचारते. वर्षानुवर्षं "कांद्याने रडवलं" वाचत मोठ्या झालेल्या शहराला निर्यातबंदी हा अन्याय वाटेल, की न्याय?

याचं उत्तर मला डिसेंबरात मिळालं. बंदीच्या बातमीचा अंक पप्पांनी फोटो काढून पाठवला. नाशिक ग्रामीण आवृत्ती, पहिलं पान: "निर्यातबंदीने कांदा उत्पादकांत संताप". तोच पेपर आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांकडे होता, पुणे आवृत्ती. आतल्या पानावर: "कांदा स्वस्त होणार, गृहिणींना दिलासा". पेपर एकच, तारीख एकच, खालचा मजकूरही निम्मा तोच. वाचक जिथे राहतो तिथली भावना त्याला परत विकली होती. मला या दोन मथळ्यांपैकी एकही खोटा म्हणता येत नाही. पण पुण्याच्या वाचकाला संताप दिसला नाही आणि चांदवडच्या वाचकाला दिलासा दिसला नाही, आणि दोघांनाही वाटलं की आपण आजचा पेपर वाचला.

मे महिन्यात पुन्हा तेच. ४ मे २०२४ ला बंदी खरोखरच उठली. मथळे: "कांदा निर्यातबंदी उठवली". अक्षरशः खरं. आत मात्र टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क अशी अट होती. म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपला कांदा ७७० डॉलरच्या खाली पडूच शकत नव्हता. या वेळी पप्पांनी फोन करून विचारलं, "ताई, आत काय लिहिलंय ते वाच." शहाणपण आलं होतं. त्याची फी १३,८०० रुपये.

हे फक्त कांद्याचं नाही

गावाकडचं गाऱ्हाणं म्हणून पुढे स्क्रोल करणार असाल तर थांबा. तुमच्या आयुष्यातही कमाल भावाचे मथळे आहेत.

दर वर्षी कॉलेजच्या प्लेसमेंटची बातमी येते. "अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्याला एक कोटीचे पॅकेज". हा त्या कॉलेजचा कमाल भाव. एका मुलाला, बहुतेकदा परदेशातल्या नोकरीसाठी, आणि त्या कोटीत शेअर, बोनस, सगळं धरलेलं. सरासरी किती? त्याहून महत्त्वाचं, रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाला किती? आणि किती जणांना काहीच मिळालं नाही? हे तीन आकडे मथळ्यात नसतात, पुष्कळदा बातमीतही नसतात. त्या मथळ्यावर विश्वास ठेवून कुणाचे तरी वडील शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करतात. माझ्या वर्गातल्या दोघांनी केली होती. कर्जाचा हप्ता मात्र सरासरी पगारातून जातो.

सरकारी घोषणांचंही तेच. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे आकडा होता: ३४ हजार कोटी, ८९ लाख शेतकरी. तो घोषणेचा कमाल भाव होता. मग दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, निकष, याद्या. प्रत्यक्ष वाटप या आकड्यांच्या बरंच खाली राहिलं. पण घोषणेचा मथळा आठ कॉलमी होता, आणि वाटपाचे आकडे कुठल्या तरी आतल्या पानावर विधानसभेतल्या प्रश्नोत्तराच्या बातमीत आले. आजही एखाद्याला विचारा, त्याला ३४ हजार कोटीच आठवतात. आणि तो वैतागून विचारतो, "एवढे दिले तरी यांचं रडणं संपत नाही?"

आरोग्याच्या बातम्या तर रोजच्या. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने बेकन, सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखूच्या गटात टाकलं. जगभर मथळे झाले की बेकन सिगारेटइतकंच घातक. तो गट धोका किती मोठा आहे हे सांगतच नाही. पुरावा किती पक्का आहे, एवढंच सांगतो. त्याच संस्थेचा अंदाज होता की रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. ही वाढ मुळातल्या शक्यतेवर. मुळात शंभरात पाचजणांना होणार असेल तर त्याचे सहाच्या आसपास होतील. सिगारेटने होणारी फुप्फुसाच्या कर्करोगाची वाढ याच्या कितीतरी पट असते. पण "सिगारेटइतकंच" हा शब्द डोक्यात बसला की बसला. सगळंच कॅन्सर करतं असं एकदा वाटू लागलं की माणूस खऱ्या धोक्याकडेही दुर्लक्ष करतो. गुटख्याची पुडी फाडताना लोक मला हेच ऐकवतात.

"आत सगळं दिलंय ना"

यावर ठरलेलं उत्तर येतं. मथळा छोटा असतो. लक्ष वेधून घेणं हे त्याचं कामच आहे. आत सगळं दिलंय, वाचकाने वाचावं.

मला हे उत्तर चांगलं माहीत आहे, कारण मी स्वतः ते दिलंय. कॉलेज संपल्यावर आठ महिने मी एका पोर्टलच्या डेस्कवर काम केलं. बाहेरच्यांना वाटतं की बातमीदार मथळा लिहितो. तसं नसतं. बातमी लिहितो एक, मथळा देतो डेस्कवरचा दुसरा, आणि तो माणूस घटनास्थळी गेलेला नसतो. आमच्यासमोर भिंतीवर स्क्रीन होता. कुठल्या बातमीवर आत्ता किती लोक आहेत, ते त्यावर हलताना दिसायचं. आकडा खाली आला की मथळा बदलायचा. "वाढले" चं "भडकले" करायचं. नाव काढून "या अभिनेत्रीने" टाकायचं. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. "कांद्याने केला वांदा" हा मथळा मीही दिलाय, एका दिवसात दोनदा. त्या दिवशी आमच्याच चाळीत कांदा सडत होता, हे मला माहीत होतं. ती लिंक मी घरी पाठवली नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. वरिष्ठ म्हणाले होते, "आत बॅलन्स कर." मी केलं. पाचव्या परिच्छेदात.

आत बॅलन्स केल्याने काय होतं, यावर अभ्यास झालाय. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना पूर्ण लेख वाचायला दिले, काहींना नीट मथळ्यासह, काहींना थोड्या दिशाभूल करणाऱ्या मथळ्यासह. लेख तोच. तरी चुकीचा मथळा वाचलेल्यांच्या स्मरणावर आणि त्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर मथळ्याचा परिणाम राहिला. म्हणजे आत सगळं देऊनही मथळ्याने लावलेला चष्मा पूर्ण उतरत नाही. आणि हे तर पूर्ण लेख वाचणाऱ्यांचं झालं. नोटिफिकेशन बघून फोन खिशात ठेवणाऱ्यांसाठी "आत" नावाची जागाच नसते.

तुमच्यापैकी काहींना आता ते प्रसिद्ध वाक्य आठवलं असेल: दहापैकी सहा लोक न वाचताच बातमी शेअर करतात. मीही ते कित्येकदा ऐकवलंय. मूळ अभ्यास २०१६ चा, कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांचा. त्यांना दिसलं होतं ते असं, की ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या लिंकपैकी ५९ टक्के लिंकवर कुणीच क्लिक केलं नव्हतं. टक्केवारी लिंकची होती, माणसांची नव्हे. मथळे लिहिणाऱ्यांनी तिची माणसं केली. न वाचता शेअर करण्याबद्दलचा अभ्याससुद्धा न वाचता शेअर झाला.

मग काय करायचं?

"वाचकाने जागरूक राहावं" हा सल्ला मला आता चीड आणतो. पप्पांनी दिवसभर कांदा भरायचा, की संध्याकाळी प्रत्येक मथळ्याखालची अधिसूचना शोधायची? भेसळ असेल तर आपण दूधवाल्याला जाब विचारतो, पिणाऱ्याला प्रयोगशाळा काढायला सांगत नाही.

नियम आहेत. मथळा सनसनाटी नसावा आणि खालच्या मजकुराशी सुसंगत असावा, असं प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. पण कौन्सिल ताशेरे मारण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही, आणि न्यूज पोर्टलं तिच्या कक्षेत धड येत नाहीत. सरकारच्या हाती मथळ्यांची कात्री द्यावी असंही मला वाटत नाही. ज्या सरकारने रातोरात निर्यातबंदी केली, त्याला मी मथळे तपासायला कशाला बसवू?

माझ्या मागण्या छोट्या आहेत. बाजारभावाच्या मथळ्यात सरासरी भाव छापा. कमाल छापायचाच असेल तर "एका ट्रॉलीला" हे दोन शब्द जोडा. सूत्रांच्या हवाल्याने आलेली बातमी असेल तर मथळ्यातही क्रियापद "समजते" चंच ठेवा. ऑनलाइन मथळा बदलला तर आधी काय होता आणि कधी बदलला, ते खाली लिहा. ज्यांना चुकीचं नोटिफिकेशन पाठवलं, त्या सगळ्यांना दुरुस्तीचंही पाठवा. या कशालाच कायदा लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त भिंतीवरचा तो आकडा थोडा खाली येईल. तो खाली येऊ द्यायचा नाही, यासाठीच हे सगळं चाललंय, आणि हे निदान त्यांनी मान्य करावं. "वाचकांना हेच हवं असतं" असं म्हणून आमच्यावर ढकलू नये. पप्पांना हवं होतं ते एवढंच, की उद्या ट्रॉली न्यायची की नाही.

आणि आपण? फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारला तरी पुरे: हा कमाल आहे की सरासरी? पॅकेज असो, कर्जमाफी असो, कॅन्सर असो. उत्तर बातमीत सापडलं नाही तर ती पुढे पाठवायची नाही. माझ्या मैत्रिणीला मी बाजार समितीचा तीन आकड्यांचा तक्ता दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मग हे पेपरात का देत नाहीत?" देतात, आतल्या पानावर, बारीक अक्षरात.

आमच्या बाजार समितीच्या आवारात एक काळा फळा आहे. लिलाव संपला की तिथला माणूस खडूने तारीख लिहितो, आवक लिहितो, आणि पुढे एकाच ओळीत किमान, कमाल, सरासरी. त्याला अर्धा मिनिट लागतं. तो काही पत्रकार नाही. पण संध्याकाळी गावी परतणारा शेतकरी त्या फळ्यासमोर थांबतो आणि त्याला नेमकं कळतं की आज बाजार कसा होता. गेल्या खेपेला मी पप्पांबरोबर गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, कमाल आणि किमान दोन्ही आकड्यांवरून नजर पुढे नेली, आणि शेवटचा आकडा हातातल्या हिशेबपट्टीशी ताडून पाहिला.